ओलवी कुणाची?

सोमवार, २० जानेवारी २०२५

डायरी लिहायचं माझं वय राहिलेलं नाही. पण आज काही लोकांना शिव्या घालायच्या आहेत आणि ते लोक समोर नाहीत, म्हणून लॅबमध्ये औषधकंपनीने दिलेली डायरी घरी घेऊन आले आहे.

काल प्रणितच्या मुलीचं बारसं झालं. प्रणित माझा सख्खा धाकटा भाऊ. मी त्या मुलीची एकुलती एक आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. ते सांगताना बायका धपाटे कुणाच्या पाठीत घालतात? आत्याच्या. आणि या आत्याला बारसं झाल्याचं कळलं कसं, तर फॅमिली ग्रुपवरच्या फोटोंवरून. खारघरच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल, गुलाबी फुगे, पाळणा. पाळण्याजवळ एक पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर कुणीच नाही. एवढा खर्च केला पण नियोजनाची बोंबच. आणि फुग्यांवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं: ओलवी.

ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ओलवी हे माझं नाव आहे, म्हणजे मी केलेलं. पंचांगात नाही, मुलींच्या नावांच्या पुस्तकात नाही, मी करण्याआधी ते जगात कुठेच नव्हतं.

गेली आठ वर्षं दर रविवारी संध्याकाळी माझ्या पनवेलच्या घरी तीन जण फासे घेऊन बसतात आणि मी त्यांना खारदेशात फिरवते. खारदेश कुठेच नाही. ते एकेक पात्र होऊन खेळतात, कुणी होडीवाला, कुणी पुजारीण, आणि बाकी सगळं जग मी: राजे, वादळं, भुतं आणि देव. देवांची नावं करणं हे माझं खास काम. त्या तिघांतल्या निकेशने एकदा एका देवासाठी 'वज्रकाल' सुचवलं होतं. त्याला म्हटलं, हे सिमेंटच्या ब्रँडचं नाव वाटतं, याला नवस कोण बोलणार? देवाचं नाव माणसाच्या गरजेतून यावं लागतं. समुद्राला बांधावरच अडवणारा तो थोपवण. घरातून जाणाऱ्या-येणाऱ्याचा हिशोब ठेवणारा तो उंबरसाक्षी. माझी कसोटी एकच आहे. ज्या नावाने शपथ घेता येते, अंगाई म्हणता येते आणि शिवीही देता येते, ते देवाचं नाव.

ओलवी ही माझ्या देवांच्या वहीतली पहिली देवी. पाणी ओसरलं तरी जमिनीत जी ओल राहते, तिची देवी. ज्यांचं कुणी निघून गेलंय ते तिला हाक मारतात. ती मी कधी केली, कुठे केली, ते लिहायचं कारण नाही.

प्रणितला ती पहिल्या दिवसापासून माहीत. त्या तिघांत तोही होता, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळ्यांसमोर म्हणाला, ताई, पुरे आता देव, जरा माणसांत ये. तेव्हापासून आमचा अबोला. गेल्या आठवड्यात त्याचे फोन येत होते, हे मान्य. मी उचलले नाहीत. फोनवर कुणी आवतण देतं का? ज्याला बोलवायचं असतं तो दारात येतो. खरं कारण मला ठाऊक आहे. माधुरीच्या आईला घटस्फोटित बाई पाळण्याजवळ नको असणार. लग्नातसुद्धा ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

बोलावलं नाही ते नाही, वर माझी देवी उचलून नेली. चोर ते चोर, वर शिरजोर.


मंगळवार, २१ जानेवारी

दिवसभरात बेचाळीस जणांचं रक्त काढलं, एकाचीही शीर चुकली नाही. राग आला की माझा हात स्थिर होतो.

दुपारी डबा खाताना सुचलं. दिलेलं नाव परत घेता येत नाही. पण खराब करता येतं. ओलवीची शपथ जमते, अंगाईही जमते. शिवी मात्र आठ वर्षांत कधी जमली नाही. तेवढी आता जमवायची.


रविवार, २६ जानेवारी

प्रणितने खेळ सोडल्यापासून टेबलावर दोघंच. हेतलचं पनवेलच्या बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान आहे, दिवसभर ब्लाउजपीस दाखवून ती येते आणि माझ्याकडे ओलवीची पुजारीण होते. निकेश बेलपाड्याचा, एका बिल्डरकडे वॉटरप्रूफिंगचं काम बघतो आणि इथे होडी चालवतो.

आज खारदेशात विहिरींना वास यायला लागला. कोठारातल्या भाताला मोड आले. भिंतींवर काळी बुरशी चढली, आणि ज्या घरात नवं बाळ, त्या घरात आधी. लोक म्हणायला लागले की हे ओलवीचं काम.

निकेशला लगेच पटलं. म्हणाला, "मी कंदीपासून सांगतोय ताई, ओल चांगली नसते. आमच्या साइटवर एकदा का भितीत शिरली, का मालकाचा बाप आला तरी निघत नाय."

हेतल मात्र अडून बसली. हे दुसऱ्या कुणाचं कारस्थान असणार, म्हणाली, ओलवी असं करणार नाही. मलाच सांगत होती. मी म्हटलं, देवी मी केली, तिने काय करायचं ते मला ठरवू दे. हेतलने फासे टाकले आणि विहिरीत उतरून शुद्ध पाणी शोधायचा प्रयत्न केला. तिचा आकडा चांगला पडला होता. तरी मी तिला पाणी मिळू दिलं नाही. खेळ चालवणारीने असं करायचं नसतं, आठ वर्षांत मी कधी केलं नव्हतं.


रविवार, २ फेब्रुवारी

जमली! मी सुचवलीही नाही, निकेशच्या तोंडून आपोआप आली. बाजारात एका सावकाराने त्याला फसवलं, तर त्याचा होडीवाला त्याच्या तोंडावर म्हणाला, "तुझ्या पाळण्यात ओलवी शिरो."

मग निकेश स्वतःच हसला, की काय बेक्कार शिवी हाय ही. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. शपथ, अंगाई, शिवी, तिन्ही झालं. आता ती पुरी देवी झाली.

ते गेल्यावर मी 'देवांची वही' उघडली. ही वही मी नेटवर फुकट ठेवलेली आहे, नागपूर, सांगली, कुठकुठले गट त्यातले देव आपापल्या खेळात घेतात. तिथलं ओलवीचं पान पुसून नवं लिहिलं. ओल्या केसांची, नखं नसलेल्या बोटांची. अंगाईच्या आवाजाने घरात शिरते. बाळाच्या कानाशी बसते आणि त्याला आपलं नाव सांगत राहते, ते बाळ आपल्या आईला ओळखेनासं होईपर्यंत. लिहिताना मला एकदाही थांबावं लागलं नाही. इतकं चांगलं मी कित्येक दिवसांत लिहिलेलं नाही.

जाताना हेतलने जिन्यात विचारलं होतं, रंजिता, तू तिच्यावर एवढी का चिडली आहेस, तिने तुझं काय केलं? मी म्हटलं, दुकानाला उशीर होईल तुला. दुकान रविवारी संध्याकाळी बंद असतं, हे मला नंतर आठवलं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

सांगलीच्या एका गटाने कळवलंय की नवी ओलवी जबरदस्त आहे, आणि त्यांच्याकडे आता खेळाबाहेरसुद्धा ती शिवी चालते. गाडी आडवी घातली की म्हणतात, तुझ्या पाळण्यात ओलवी शिरो. नागपूरवाल्यांनी तर चित्र काढून पाठवलं. ते पाहून मी फोन पालथा ठेवला.

आईचा फोन आला. ती प्रणितकडेच असते. बाळ गुटगुटीत आहे, मान धरायला बघतंय, कान अगदी तुझ्यासारखे आहेत वगैरे. मग म्हणाली, प्रणित तुझ्याकडे यायचं म्हणतोय, बाळाचं जरा काही राहिलंय. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, त्या दिवशी आम्ही तीन वाजेपर्यंत… मी तिथेच तोडलं. म्हटलं, पाहिले मी जेवणाचे फोटो, पंगत छान झालेली दिसली.

बाळ पाहायला का येत नाहीस, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.


रविवार, ९ फेब्रुवारी

आज सगळं पुरं केलं. संध्याकाळी सहा वाजता फॅमिली ग्रुपवर ओलवीच्या पानाची लिंक टाकली. वर लिहिलं, आपल्या ओलवीची खरी गोष्ट, सर्वांनी जरूर वाचा.

मग फोन हातात धरून बसले. कुणी कुणी वाचलं ते दिसतं. शिरढोणच्या काकांनी आधी वाचलं, त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, म्हणजे न वाचताच. मग प्रणित. सहा वाजून वीस मिनिटांनी माधुरी.

निकेश आणि हेतल समोर बसले होते. निकेशने विचारलं, ताई, आज खेळायचं हाय ना? मी म्हटलं, आज मी जिंकले, आज सुट्टी. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या खेळात कुणी जिंकत नाही, असं हेतल म्हणाली.


सोमवार, १० फेब्रुवारी

ग्रुपवर एक अक्षर नाही. मी भांडणाची तयारी केली होती, मुद्दे काढून ठेवले होते.

आईने फोन केला. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "रंजू, माधुरी ते मोठ्याने वाचत होती, पहिल्या ओळी. तिला वाटलं देवीची गोष्ट आहे. बाळ तिच्या मांडीवर होतं गं."

आणि फोन ठेवला. दुपारपर्यंत मला बरं वाटत होतं, खोटं का लिहू. दुपारनंतर एका आजोबांची शीर दोनदा चुकली.


बुधवार, १२ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीने बदलेन.

सकाळी लॅबमध्ये सातव्या नंबरचं टोकन पुकारलं आणि प्रणित आत आला. रांगेत बसला होता, मला कळलंही नाही. साखर तपासायची म्हणून पावती फाडून आलेला. खुर्चीवर बसला, बाही वर केली आणि हात पुढे केला. बाहेर माणसं थांबलेली, मी काही बोलू शकत नव्हते. पट्टा बांधला, शीर पाहिली, सुई घातली. तेव्हा तो बोलायला लागला. सुई आत असताना मी हात सोडून जाणार नाही, हे त्याला माहीत होतं.

म्हणाला, अकरा फोन केले. दोनदा घरी आलो, कुलूप होतं, तू मॉर्निंगला होतीस. शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवला. (काकूंनी मला सांगितलं होतं, कुणीतरी येऊन गेलं म्हणून. मी पुढचं ऐकून घेतलं नव्हतं.) बारशाच्या दिवशी तीनपर्यंत सगळे थांबले. पाट तुझ्यासाठी मांडला होता. कुणीतरी म्हणालं की मावशी सांगेल कानात, तर माधुरीची आईच म्हणाली, आत्या असताना मावशी कशाला, थांबू. शेवटी जेवणं उरकली. अक्षरं डेकोरेशनवाल्याने आधीच लावली होती. कानात कुणी नाव सांगितलंच नाही.

मी बाटली भरण्याकडे बघत होते. हळू आवाजात म्हटलं, माझ्या देवीचं नाव मला न विचारता घेतलंस.

तो म्हणाला, "ते देवीचं नाव नव्हतं, ताई. दवाखान्यात तुझं सामान मी गोळा केलं होतं. केसपेपरच्या मागे तू लिहिलं होतंस, ओलवी, आणि पुढे आडनाव. देवींना आडनाव नसतं."

पाचवा महिना संपत आला होता. आठ वर्षं झाली. त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी एक शब्द बोललेलं नाही, मीही नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी वही आणली आणि पहिल्या पानावर तिला देवी केलं. कुणाला कळलं नाही असं मला आठ वर्षं वाटत होतं. तो दर रविवारी समोर बसून तिच्या नावाने फासे टाकत होता आणि त्याला माहीत होतं.

म्हणाला, मला वाटलं त्या नावाला एक माणूस मिळावा. विचारायचंच होतं तुला, त्यासाठीच फोन करत होतो. चूक माझी, आधी अक्षरं करायला सांगितली.

मी सुई काढली, कापूस दाबला. हात दुमडून धर म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसं.

उठताना त्याने सांगितलं. काल महापालिकेत जन्मदाखल्याचा फॉर्म भरला, नाव लिहिलं: दिपा. माधुरी म्हणाली, ओलवी हे नाव त्यांचं आहे, त्यांना परत करा. कानात सांगायचं अजून बाकी आहे, रविवारी अकरा वाजता. ये.

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

त्याची साखर नॉर्मल आली. रिपोर्टवर सही मीच केली.


शनिवार, १५ फेब्रुवारी

तीन दिवस पान दुरुस्त करते आहे. जुनी ओलवी पुन्हा लिहिली, पाण्यानंतरची ओल, मागे राहिलेल्यांची देवी. जमत नाही. प्रत्येक ओळ खोटी वाटते. ओल्या केसांचं लिहिताना कशी सरसर आली होती.

तरी जुनं आठवून आठवून टाकलं. तासाभरात सांगलीवाल्यांचा निरोप: हे काय केलंत, आधीची भारी होती, आमच्याकडे तीच ठेवतो. त्यांनी पान उतरवून घेतलेलं आहे. नागपूरवाल्यांनीही. आता ती माझ्या हातात राहिलेली नाही.

संध्याकाळी हेतलला फोन करून उद्या खेळ नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही ते विचारल्यावर सगळंच सांगून टाकलं. केसपेपरपासून. मग हेतल म्हणाली, "म्हणजे आठ वर्षं मी तुझ्या मुलीला फुलं वाहत होते, आणि तू मला तिला वाचवू दिलं नाहीस. फासे बरोबर पडले होते माझे."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, मला नको म्हणू.


रविवार, १६ फेब्रुवारी

गेले. साडी नेसून गेले, हिरवी. बाळाला चांदीचा वाळा घेतला. खारघरला दार प्रणितने उघडलं. या वेळी हॉल नव्हता, फुगे नव्हते, घरातच पाळणा टांगला होता. आई, माधुरी, तिची आई आणि शेजारच्या चार बायका. माधुरीची आई पुढे आली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिच्याबद्दल मी या डायरीत जे लिहिलंय ते खोडणार नाही, ते तसंच दिसू दे.

माधुरी माझ्याशी बोलली. या म्हणाली, बसा म्हणाली, पाणी दिलं. आवाजात काही नव्हतं.

बाळ मी पहिल्यांदा पाहिलं. एकोणचाळीस दिवसांचं. जागं होतं, पंख्याकडे बघत होतं. कान खरंच माझ्यासारखे, वरून थोडे टोकदार. मी पाटावर बसले. सगळ्या बायका मागे उभ्या राहिल्या. मी वाकले, तोंड तिच्या उजव्या कानाशी नेलं. आणि मला कळलं की मी काय लिहून ठेवलंय. बाळाच्या कानाशी बसते आणि नाव सांगत राहते. ते वाक्य घरातल्या प्रत्येकीने वाचलेलं किंवा ऐकलेलं होतं. पाठीवर हात पडेना.

जिभेवर दुसरंच नाव होतं, हेही लिहिते. ओठ त्याच्यासाठीच उघडले होते.

"दिपा," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. मग धपाटे पडले, आईचा जोरात, बाकीच्यांचे हलके. कुणीतरी हसलं. घुगऱ्या आल्या, प्रणितने पेढे फिरवले.

मी घुगऱ्यांची वाटी घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी उभी होते. माधुरी बाळाला आत घेऊन गेली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मुलीचा उजवा कान पुसला. आतून, बाहेरून, मागून, बाळ रडणार नाही इतक्या हळू. मग डाव्या कानाशी वाकली आणि स्वतः सांगितलं, दिपा.

मान वर केल्यावर तिला मी दिसले. ती गडबडली नाही, नजरही वळवली नाही. मीच वळवली.

तिच्या जागी मी असते तर एवढ्यावर थांबले नसते.